तिन्हीसांजेचं वाण

"तिनसांजेक मीठ मागूक इलंस? गो बाय, दिवो लागलो. आता फाल्या सकाळी ये."

हा आवाज रसिकाच्या कानात पस्तीस वर्षं राहिला आहे. आवाज तिच्या आईचा, दार परुळ्याच्या माहेरचं, आणि दाराबाहेर वाटी घेऊन उभी शेजारीण. शेजारणीला राग आला नव्हता. तिनं जीभ चावली, "माझोच मेलो विसर," म्हणाली आणि रिकामी वाटी पदराखाली झाकून परत गेली. दिवेलागणीला घरातून मीठ द्यायचं नाही, दूध-दही द्यायचं नाही, सुई द्यायची नाही. दिलं तर त्याच्या पाठोपाठ लक्ष्मीही उंबरा ओलांडते. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पाण्यात हात घातला की तो ओला होतो, तसं ते ठाऊक होतं.

आता रसिका धुरी खाजणवाडीची सून आहे आणि गाव तिला पेटीताई म्हणतं.

खाजणवाडीत दर घराच्या पडवीत एक पेटी आहे. भाताच्या कणगीएवढी, फिक्या निळ्या रंगाची, कान लावला तर आत मंद घुमणारी. छपरावरची काळी कौलं दिवसभर ऊन पितात आणि या पेटीत आणून ओततात. पूर्वीच्या बॅटऱ्यांना लिथियम लागायचा. तो दूरदेशाहून आणायचा, देणाऱ्याच्या लहरी सांभाळायच्या आणि त्याचा भार शेवटी घराघरातल्या बिलावर यायचा. या पेटीत त्याच्या जागी मिठातला सोडियम; तो लिथियमचाच भाऊ, पण अंगानं थोराड. बॅटरी भरायची म्हणजे हे कण कोळशाच्या पापुद्र्यांत नेऊन बसवायचे. वीज हवी झाली की त्यांना परत बोलवायचं. जुन्या बॅटरीतल्या ग्राफाइटचे पापुद्रे नव्या वहीच्या पानांसारखे घट्ट मिटलेले, त्यांत हा थोराड भाऊ शिरेना. मग शोधणाऱ्यांना उत्तर सापडलं ते नारळाच्या करवंटीत. करवंटी हवा लागू न देता प्रचंड आचेवर भाजली की तिचा कोळसा बेशिस्त होतो. पापुद्रे वाकडे, मध्ये फटी, फटींत कोनाडे. सोडियमला बसायला असंच ऐसपैस घर हवं होतं.

मीठ आणि करवंटी. कोकणाला या दोन्हींचा तोटा कधी नव्हता. ओसाड पडलेली मिठागरं पुन्हा भरली, आणि बांधावर वाकलेल्या बायकांच्या तोंडी जुनी ओवी पुन्हा आली:

*मीठ पिकविते बाई, ऊन वाळत घालिते,*
*सागराचं गो पाणी माझ्या सुपात गोठते.*

रसिकाची सासू शालन त्या बायकांतली. आता अडुसष्ट वर्षांची. मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो मिठागरातल्या कुठल्या कोंडीतला, कुठल्या वाफ्यातला ते सांगणारी. पेटी आली त्या दिवशी तिनं पेटीला कान लावला आणि म्हणाली, "पंख्याचा एक पातां घासता गो." बसवायला आलेले लोक हसले. आठव्या दिवशी तोच पंखा बदलावा लागला. वाडीच्या पेट्या सांभाळण्याची नोकरी रसिकाची. यंत्र ती शिकली होती सावंतवाडीच्या आयटीआयमध्ये; यंत्राचं ऐकायला ती शिकली सासूपाशी. नवरा नितेश जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात या दोघीच. एकीनं भाकरी थापली की दुसरी तवा तापवणार, असा त्यांचा संसार.

पण खाजणवाडीची खरी नवलाई पेटी नव्हती. ती होती जोडगाव.

सूर्य पूर्वेला आधी बुडतो, ही शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. पौषात बांगलादेशच्या दक्षिणेला, नद्यांच्या मुखाशी दिवस मावळतो तेव्हा कोकणात अजून सव्वा तास ऊन शिल्लक असतं. आणि सकाळी उलट: आपल्याकडे बायका काळोखात पाणी तापवत असतात, तेव्हा तिकडे कोवळं ऊन पडलेलं असतं. मग ज्याच्या अंगणात ऊन आहे त्यानं ज्याच्या अंगणात नाही त्याला द्यावं. संध्याकाळी आपण, सकाळी त्यांनी. एका दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या लांबच लांब तारा आता तेवढ्या वाटेत शंभरातली सहा-सातच युनिटं सांडत होत्या. दोन्ही देशांत या कराराला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मधली काही वर्षं कडू गेली होती. म्हणून ठरलं, की देश देशाला देणार असं म्हणायचंच नाही. एक गाव एका गावाला देईल. नाव असेल, चेहरा असेल.

खाजणवाडीला मिळालं चर नीलगंज. नदीनं आणून टाकलेल्या गाळावर वसलेली तीनशे घरं. तिथली विजेची बाई नासरीन. फोनमधलं भाषांतरयंत्र तिचं बंगाली मराठीत आणायचं, तेही असं सोवळं मराठी, की रसिका पहिल्या दिवशी फोन धरून उभीच राहिली होती.

"रसिकादीदी, आपल्याकडे मीठ पिकते," नासरीन तेव्हा म्हणाली होती, "आमच्याकडे ते पिण्याच्या पाण्यात शिरते. समुद्र दर वर्षी एक विहीर घेऊन जातो."

नीलगंजला खारं पाणी गोडं करणारं यंत्र होतं. ते संध्याकाळी चालायचं, कारण बायका कामावरून परतायच्या ती तीच वेळ. खाजणवाडीच्या दोनशे बारा पेट्यांनी, दर पेटीनं एक किलोवॅट, आपली संध्याकाळ सुरू झाल्यावरही तासभर देत राहायचं, एकशे ऐंशी किलोवॅटच्या खाली जायचं नाही, एवढाच शब्द होता. त्या बदल्यात सकाळची वीज आणि असं बिल, की घरोघरी लोक पंखा लावताना बटणाकडे पाहायचे थांबले होते.

आणि हा शब्द रोज मोडत होता.

जोडगावांचा करार सांभाळणाऱ्या जोडणी मंडळाचे वरुण कुलथे पुण्याहून तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी पडद्यावर आलेख उघडला. ऊन बुडताक्षणी रेघ पायरीसारखी खाली उतरत होती आणि अर्ध्या-पाऊण तासानं तशीच वर चढत होती.

"रसिकाताई, तुमच्या अहवालात लिहिलंय, समुद्रावरच्या गार वाऱ्यामुळे क्षमता घटते."

"हो."

"मी पेट्या तपासल्या. उत्तम आहेत. आणि गंमत बघा, अमावास्येला ही पायरी दीड तास लांबते. बॅटरीला तिथी कळते का हो?"

रसिकाला कारण ठाऊक होतं. दिवाळीतच कळलं होतं.

शेजारच्या हर्षदा परबच्या पडवीत ती सहज गेली होती. हर्षदानं तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले, आणि आत येता येता पेटीची खुंटी खाली ओढली. दर पेटीला हाताची एक खुंटी होती. वर असली की पेटी बाहेर देते, खाली केली की फक्त घराला. ही खुंटी राहावी म्हणून रसिकाच मंडळाशी भांडली होती. घरातली वस्तू घरातल्या बाईच्या हुकमानं बाहेर जावी, म्हणून.

"खुंटी कित्याक खाली केलंस?"

"पेटीताई, तू आमची सून म्हणान सांगतंय. तिनसांजेक देऊक नको. अर्ध्या तासान परत वर करतंय. चोरी नाय करणय मी."

"अगो, वीज जाता. मीठ नाय जाणा."

"मिठातलीच मां? लोणच्यातलो खार दिलो तर लोणचा नाय दिला, असां म्हणतलंस?"

रसिका त्या संध्याकाळी वाडीभर फिरली. घराघरात तेच. दिवा, नमस्कार, खुंटी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या घरी आली तर शालनच्या हाताखाली खुंटी नुकती खाली गेलेली. शालननं सुनेकडे पाहिलं. सुनेनं खुंटी तशीच राहू दिली. तिला आपल्या आईचा आवाज आठवत होता, आणि तिचा स्वतःचा हातही त्या खुंटीपाशी रोज अडखळत होताच.

म्हणून तिनं अहवालात वारा लिहिला.

कुलथे आता खुर्चीत पुढं सरकले. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, "संक्रांतीपासून सात संध्याकाळी मोजणी आहे. एक जरी पायरी दहा मिनिटांहून लांबली तर खुंट्या काढून पुण्याहून चालणारी कुलुपं बसतील, किंवा करार एखाद्या मोठ्या सौर प्रकल्पाकडे जाईल. मग ना जोडगाव, ना हे बिल. मला ते नको आहे. पण माझ्या हातात नाही."

त्या दिवशी रसिकानं नासरीनला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. हसणं यंत्रानं भाषांतरित केलं नाही.

"दीदी, माझी आई सूर्यास्तानंतर सुईसुद्धा कोणास देत नसे. मला आधीच समजावयास हवे होते."

"तुमच्याकडे काय होतं मग? त्या वेळात?"

"यंत्र बंद पडते. पुन्हा सुरू होण्यास एक तास लागतो. मी वरिष्ठांना दुरुस्ती सुरू आहे असे लिहिते. दोन महिने लिहीत आहे." मग ती म्हणाली, "आपण वारा लिहिता, मी दुरुस्ती लिहिते. दोघींचीही नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात बायका जमल्या. रसिकानं भाषण केलं नाही. नासरीननं पाठवलेलं चित्रण तेवढं भिंतीवर दाखवलं. धुकं, चिखलाची वाट, आणि वाटेवर बायकांची रांग. प्रत्येकीच्या कमरेला कळशी. यंत्र बंद आहे, नळातून पाणी नाही, तरी रांग मोडत नाही. एकीनं कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. ती घेण्याची तऱ्हा खाजणवाडीच्या कुठल्याही बाईला पाठ होती.

हर्षदा हळूच म्हणाली, "गो, जीव तुटता बघून. पण तिनसांज ती तिनसांज. उद्या घरात कायतरी झाला तर?"

"तर पेटीताईक विचारुया," मागून कुणी टोमणा मारला. "ती म्हणतली, वारो लागलो."

हशा पिकला; अहवालातला वारा वाडीभर कळला होता. रसिकाचे कान तापले. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. शालन उंबऱ्याशी बसली होती, नेहमीसारखी, आत न येता.

"संक्रांतीचा वाण आपण कधी देतंव गो? सकाळी?"

"तिनसांजेक," दोघीचौघी म्हणाल्या.

"सूप देतंव, नारळ देतंव, साखर देतंव. तेव्हा लक्ष्मी खंय जाता?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"उसना देऊचा नाय तिनसांजेक, ह्या खरा. उसना मागूक येता तो गरजेन येता, आणि देणारो मोजून देता. वाण कोण मोजता? दारात इलेली बाई रिकाम्या हातान धाडली, तर लक्ष्मी त्या बाईच्या मागसून जाता. माझ्या आवशीन माका ह्या सांगितला हुता."

"पण काकी," एक नवी सून म्हणाली, "ती नासरीन कुंकू लावता काय?"

"नाय लावीत," शालन म्हणाली. "कळशी उचलता मां?"

मग जे हसणं उठलं त्यात डोळे पुसणंही होतं. हर्षदा उठून उभी राहिली. "ठरला! संक्रांतीपासून आमचा वाण नीलगंजाक. आणि सकाळी ती धाडतत तां त्येंचा वाण." रसिकानं सासूकडे पाहिलं. सातवी शिकलेली बाई. दोन महिने आलेखांनी जे सुटलं नाही ते तिनं सुपात घोळून, खडे बाजूला काढून, समोर ठेवलं होतं. रसिकाला वाटलं, शोध लावणं म्हणजे याहून निराळं काय असतं?

संक्रांत आली. ऊन मिठागराच्या कोंड्यांत तांबूस उतरलं. वाडीच्या टोकाला नियंत्रणाची खोली, तिथं रसिका पडद्यासमोर. बाजूला कुलथे. फोनवर नासरीन, तिच्यामागे रांगेचा कलकलाट.

सूर्य पाण्याला टेकला. घरोघरी दिवे लागले. आज बायकांनी पेटीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ ठेवला आणि खुंटी वरच राहू दिली. पडद्यावरचे हिरवे ठिपके टिकले. मग एकेक ठिपका विझू लागला. इथं एक, तिथं दोन.

एकशे अडुसष्टवर आकडा थांबला.

"बारा कमी," कुलथे म्हणाले. "बाराच. कुठली घरं आहेत ही?"

रसिकानं विझलेले ठिपके एकेक करून वाचले. पागी बाईंचं घर. द्वारका तांडेलचं. सुमनकाकूचं. शालनचं, म्हणजे तिचं स्वतःचं. चव्वेचाळीस घरं, आणि प्रत्येक घरची कर्ती बाई विधवा. वाण सवाष्णींनी द्यायचं असतं. त्यांना कुणी 'तुम्ही नको' म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही. त्या आपल्या आपण बाजूला झाल्या होत्या, आणि वाण नाही म्हटल्यावर जुना नेम उरला होता: तिन्हीसांजेला द्यायचं नाही.

तिनं खोलीतल्या दुसऱ्या फोनवरून द्वारकाबाईंना फोन लावला.

"शालन करतली तां आमी करतलंव," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिणां वाट दाखवल्यान, पण ती सोता खंय चलली?"

"दीदी," नासरीनचा आवाज आला, "यंत्र कमी विजेवर सहा मिनिटे तग धरेल. त्यानंतर बंद होईल."

रसिका धावत सुटली. बांधावरून, परबांच्या कुंपणातून, चप्पल एका पायातली कुठं गेली तिचं तिला कळलं नाही.

शालन पडवीत पेटीजवळ पाटावर बसली होती. समोर हळदकुंकवाचा करंडा. तिनं सुनेसाठी काढून ठेवलेला. खुंटी खाली.

"आई, खुंटी वर करा."

"तू कर गो. तू सवाशीण."

"मी केली तर एकच घर होईल. तुम्ही केली तर चव्वेचाळीस. सगळ्या तुमच्याकडे बघतायत."

शालननं मान हलवली. तिच्या तोंडावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. "वाण माझ्या हातचा नाय चलत. तुझ्या पयल्या संक्रांतीक थोरल्या काकीन तुझ्याच तोंडान सांगूक लावला नाय? शालनक म्हणा, माजघरात बस. वडील माणूस ती. आता ती नाय, म्हणान तिचो शब्द मोडू काय? सोळा वर्सां पाळलंय मी."

खरंच पाळलं होतं. दर संक्रांतीला पुढल्या दारी बायकांची ये-जा, आणि शालन मागं चुलीपाशी तिळाचे लाडू वळत बसलेली. गरम पाकानं बोटं लाल व्हायची. शंभर लाडू वळायची आणि एकही कुणाच्या हातावर स्वतः ठेवायची नाही. समाजमंदिरात उंबऱ्याशी बसायची तीही तेव्हापासून. थोरली काकी, भावकीतली सगळ्यांत वडील बाई, जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

रसिकाच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. "चार मिनिटे," नासरीन म्हणाली.

रसिका खाली बसली. एका पायाला चिखल, श्वास लागलेला. तिनं सासूचे दोन्ही हात धरले. मिठानं चिरलेले, मिठानंच भरून आलेले हात. सोळा वर्षं याच हातांचं खाल्लं होतं. एवढ्या वर्षांत कितीदा हे ओठांशी आलं होतं आणि कितीदा तिनं ते गिळलं होतं, भाकरीच्या घासाबरोबर, चहाच्या घोटाबरोबर.

"आई," ती म्हणाली, "थोरल्या काकीन कायच सांगूक नाय हुता."

शालननं तिच्याकडे पाहिलं.

"तिणां उलट विचारल्यान, शालन खंय आसा, तिका पुढे बोलव. मीच म्हटलंय, त्येंका बरा वाटणा नाय. माझी पयली संक्रांत हुती. माझ्या मैत्रिणी येवच्या हुत्यो. माका भ्या वाटला, लोक काय म्हणतले, माझा काय वायट झाला तर. आणि तुमका सांगूक माझा तोंड होयना, म्हणान मी काकीचा नाव घेतलंय. तुमका माजघरात काकीन नाय बसयल्यान, आई. मी बसयलंय."

शालननं आपला उजवा हात तिच्या हातांतून सोडवून घेतला आणि खुंटी वर ओढली.